ॲपवर 'डिस्पोज्ड' दिसलं, म्हणजे आपण केस हरलो का?

प्रश्न थोडक्यात असा: एका ताईंच्या वडिलांनी आपल्या चुलत भावाविरुद्ध दिवाणी कोर्टात दावा लावला होता. घरामागच्या मोकळ्या जागेत त्या काकांनी भिंत घालायला घेतली, म्हणून कायमची मनाई मागितली होती आणि जेवढं बांधकाम आत आलंय ते काढून जागा परत द्या असंही मागितलं होतं. दावा बरीच वर्षं चालला आणि आठ महिन्यांपूर्वी वडील गेले. त्यानंतर घरातलं कुणी कोर्टात फिरकलं नाही. आता भावाने ई-कोर्ट्सच्या ॲपवर नंबर टाकला तर 'केस डिस्पोज्ड' दिसतंय. त्याच सुमारास काकांच्या मुलाने फॅमिली ग्रुपवर कोर्टाच्या कागदाच्या एका पानाचा फोटो टाकला, 'वादीचा सदर जागेशी काहीएक संबंध नाही' या वाक्याखाली लाल पेनने रेघ आणि वर 'सत्याचा विजय'. काका म्हणतात झालं गेलं विसरा, थोडी रक्कम देतो, स्टॅम्प पेपरवर सह्या करून टाका. भाऊ तयार आहे, आई काही बोलत नाही. ताई विचारतात: आम्ही हरलो हे मान्य करून टाकायचं का? सही केली तर बाबा खोटं बोलत होते असं कबूल केल्यासारखं होईल ना? आणि माझं तर लग्न झालंय, माझी सही कशाला हवी?

ताई,

सगळ्यात आधी तो फोटो, कारण तुमच्या घरातलं निम्मं वातावरण त्या एका फोटोने बिघडवलंय असं पत्र वाचून वाटलं. तुम्ही तो सोबत पाठवलात ते फार बरं केलंत. मी झूम करून वाचला. पानाच्या वरच्या कोपऱ्यात 'निशाणी ५ खालील आदेश' असं अर्धवट दिसतंय (निशाणी म्हणजे फाईलमधल्या कागदाला कोर्टाने दिलेला नंबर), आणि लाल रेघेचं वाक्य ज्या परिच्छेदात आहे तो सुरू होतो 'प्रतिवादी यांनी निशाणी १४ वर म्हणणे दाखल करून अर्जास विरोध केला' असा. म्हणजे ते वाक्य जज्जसाहेबांचं नाहीच, ते काकांचं आहे. कोर्ट आदेशात आधी वादी काय म्हणतो ते लिहितं, मग प्रतिवादी काय म्हणतो ते लिहितं, आणि त्यानंतर कुठेतरी स्वतःचं मत मांडायला घेतं. काकांच्या मुलाला आपल्याच वडिलांचं वाक्य कोर्टाच्या कागदावर टाइप केलेलं सापडलं आणि त्याने ते ग्रुपवर टाकलं. मुद्दाम टाकलं की त्यालाही कळलं नाही, देव जाणे, पण बऱ्याच जणांना खरंच कळत नाही.

शिवाय निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज, ज्याला आपण सगळे स्टे म्हणतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही दिवाणी कोर्टाच्या आवारात 'निशाणी पाचचं काय झालं' एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं कशाबद्दल बोलताय. त्यावरचा आदेश म्हणजे दाव्याचा निकाल नव्हे. दावा संपेपर्यंत जागा आहे तशी ठेवायची की नाही एवढंच त्यात ठरतं आणि तेही प्रथमदर्शनी, म्हणजे साक्षीपुरावा व्हायच्या आधी. तुम्ही लिहिलंय की बाबांना तेव्हा स्टे मिळाला होता असं पुसटसं आठवतं. तसं असेल तर गंमत बघा, काकांकडचे लोक विजयाचा म्हणून जो कागद फिरवतायत तो बाबांच्या बाजूने झालेल्या आदेशातलं मधलंच एक पान आहे. त्याचं शेवटचं पान मिळवा, दोन मिनिटांत कळेल.

आता 'डिस्पोज्ड'. ॲपला एवढंच सांगायचं असतं की हा नंबर कोर्टाच्या चालू यादीत आता नाही. का नाही, ते त्याच पानावर जरा खाली 'नेचर ऑफ डिस्पोजल' समोर असतं, कंटेस्टेड की अनकंटेस्टेड आणि पुढे कारण. कंटेस्टेड म्हणजे दोन्ही बाजू लढल्या आणि कोर्टाने ठरवलं. अनकंटेस्टेड असून पुढे डिफॉल्ट (गैरहजेरीत काढला) किंवा अबेटेड (पक्षकार वारल्यामुळे बंद पडला) असं काही असेल तर जागा कुणाची या प्रश्नाला कोर्टाने हातसुद्धा लावलेला नाही. तरीपण ॲपवर विसंबून कुठलाही निर्णय घेऊ नका, ती नोंद शेवटी माणूसच भरतो. कोर्टात नकलेचा अर्ज करून दोन गोष्टींच्या सहीशिक्क्याच्या नकला घ्या, शेवटचा आदेश आणि रोजनामा. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला कोण हजर होतं, काय झालं, पुढची तारीख का दिली हे ओळीओळीने असतं, आणि आठ महिन्यांत नेमकं काय घडलं ते तुम्हाला तिथेच सापडेल.

तुम्ही सांगितलेल्या हकीकतीवरून मला दोन शक्यता दिसतात.

पहिली, कोर्टाला बाबा गेल्याचं कळलंच नाही. तारखा पडत राहिल्या, वादी गैरहजर, वकीलही आले नाहीत किंवा 'पक्षकाराचा संपर्क नाही' म्हणाले, आणि प्रतिवादी हजर असल्यामुळे कोर्टाने दावा गैरहजेरीत काढून टाकला. वकील याला ऑर्डर नऊ रूल आठ म्हणतात. यात निकालपत्र नसतं, मुद्द्यांवर चर्चा नसते, बहुतेक वेळा चार ओळींचा आदेश असतो. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मध्ये हुकूमनाम्याची, म्हणजे हक्क ठरवणाऱ्या डिक्रीची, जी व्याख्या आहे तिच्यातच लिहिलंय की गैरहजेरीत दावा काढून टाकल्याचा आदेश हा हुकूमनामा नाही. काका 'आमच्या बाजूने हुकूमनामा झालाय' म्हणत असतील तर भांडू नका, फक्त म्हणा की नक्कल दाखवा.

दुसरी शक्यता, दावा अबेट झाला. एकटा वादी वारला आणि दाव्याचा हक्क वारसांकडे येण्यासारखा असेल (जागेचा हक्क येतोच, अब्रूनुकसानीसारखा अगदी व्यक्तिगत दावा मात्र माणसाबरोबर संपतो) तर वारसांनी मृत्यूपासून ९० दिवसांत 'आम्हाला रेकॉर्डवर घ्या' असा अर्ज द्यायचा असतो. नाही दिला तर दावा आपोआप अबेट होतो, त्यासाठी कुणी मुद्दाम आदेश करावा लागत नाही. त्यानंतर ते अबेट होणं रद्द करून घ्यायला आणखी ६० दिवस असतात. दोन्ही मिळून १५० दिवस, म्हणजे साधारण पाच महिने. तुमचे आठ झालेत.

इथे घाबरू नका, पण आता रेंगाळूही नका. उशीर माफ करून मागता येतो, मुदत कायदा १९६३ च्या कलम ५ खाली, आणि अबेट झालेल्या दाव्यांना हे कलम लागू होतं हे संहितेतच लिहिलंय. सुप्रीम कोर्टाने १९८७ च्या कातिजी प्रकरणात म्हटलंय की उशिराकडे बघताना तांत्रिकपणापेक्षा खऱ्या न्यायाला महत्त्व द्या, ते आजही वकील मोठ्याने वाचून दाखवतात. पण कोर्ट हल्ली कारण नीट तपासतं. 'आम्हाला कायदा माहीत नव्हता' एवढंच लिहून भागत नाही. वडील कधी गेले, कागद कुणाकडे होते, वकिलांशी शेवटचं बोलणं कधी झालं, ॲपवर कधी कळलं, कळल्यावर किती दिवसांत हालचाल केली, हे तारखांसकट लिहावं लागतं. विशेषतः ते शेवटचं. कळल्यानंतरचे दिवस आता तुमच्या खात्यावर पडतायत, म्हणून भावाने ॲप बघितलं त्या दिवसाचा स्क्रीनशॉट असेल तर जपून ठेवा.

गैरहजेरीत काढला असेल तर दावा पुन्हा मूळ नंबरावर घेण्याच्या, म्हणजे पुन्हा चालू करण्याच्या, अर्जाला आदेशापासून ३० दिवस असतात. तुमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकात एक अडकलेल्या असू शकतात, म्हणजे वादी वारलेला आणि कोर्टाने त्याला गैरहजर धरलेलं, मग वारस लावणं, अबेट रद्द करणं, उशीर माफ करणं, दावा नंबरावर घेणं असे अर्ज एकत्र द्यावे लागतील. कुठले आणि कसे ते वकिलांना रोजनामा बघून ठरवू दे. एवढं मात्र खरं की बाबांनी दिलेल्या वकीलपत्रावर तुमचं काम चालणार नाही, वारसांनी नवीन द्यावं लागतं. तेच वकील हवेत की दुसरे, तो तुमचा प्रश्न. पक्षकार वारल्याचं कळलं की वकिलाने कोर्टाला कळवायचं अशी तरतूद आहे, ऑर्डर बावीस रूल दहा-अ, पण त्यांना कुणी कळवलं होतं का हे आधी घरात विचारा आणि मग रागवा. पैशाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते, नाहीतर १५१०० वर फोन करा.

हे सगळं आत्ताच का सांगतेय, तर स्टेमुळे. दावा संपला की तात्पुरती मनाईही त्याच्याबरोबर संपते. भिंतीचं काम पुन्हा सुरू झालंय का हे तुम्ही लिहिलं नाहीये. आज जाऊन तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा, उद्या नको. आणि दावा पुन्हा नंबरावर आला तरी जुना स्टे आपोआप चालू होईल असं गृहीत न धरता वकिलांना तो वेगळा मागायला सांगा.

आणि इथेच माझ्या मनात एक पाल चुकचुकली. इतकी वर्षं भांडलेले काका नेमके आत्ताच रक्कम द्यायला का तयार झाले? कदाचित खरंच भाऊ गेल्यावर मन बदललं असेल, होतं तसं, मृत्यूनंतर माणसं खरोखर मवाळ होतात आणि तुम्ही त्यांना ओळखता, मी नाही. पण त्यांच्या वकिलांनी त्यांना हे नक्कीच सांगितलं असणार की दावा निकालात हरलेला नाही, बंद पडलेला आहे आणि उठून बसू शकतो. पूर्ण जिंकलेला माणूस शक्यतो पैसे देऊ करत नाही. त्यांच्या हेतूवर संशय घ्या असं मी म्हणत नाहीये, पण तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी पडकी नाही एवढं डोक्यात ठेवून बोलायला बसा.

काहीच केलं नाही तर काय होईल, हाही एक पर्याय आहेच आणि भावाला तो मनातून हवा असावा. काका कोर्टामुळे मालक होत नाहीत, कारण तसं कुणी ठरवलेलंच नाही. पण तुम्हाला त्याच कारणावरून नवा दावा लावता येणार नाही, गैरहजेरीत गेला असेल तरी आणि अबेट झाला असेल तरी. उद्या त्यांनी नवीन काही अतिक्रमण केलं तर ते नवीन कारण. जे आत आलंय ते मात्र हळूहळू त्यांचंच होऊन बसतं, कारण जागेचा कब्जा परत मागायला कायद्याने १२ वर्षं दिलीयेत आणि तुमच्या पत्रावरून त्यातली बरीच गेलेली दिसतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ज्याच्यासाठी तुम्ही एवढं मोठं पत्र लिहिलंत असं मला वाटतं. तडजोड केली तर बाबा खोटे ठरतात का?

तुम्ही एक काम करा. बाबांच्या फाईलमधून दाव्याची प्रत काढा आणि शेवटचा 'विनंती' भाग वाचा. तिथे अ, ब, क करून काय मागितलंय ते लिहिलेलं असतं: अमुक चतुःसीमेच्या जागेत प्रतिवादीने अडथळा करू नये, बांधलेली भिंत काढून द्यावी, खर्च मिळावा. 'मी खरा आहे असं जाहीर करावं' अशी विनंती तिथे नसणार. कोर्ट मागितलं तेवढ्यातलंच देतं. म्हणजे दावा पूर्ण जिंकला असता तरी बाबांच्या हातात जे पडलं असतं ते तेवढंच, जागा, भिंत आणि खर्चाचे थोडे पैसे. मग काका जे देऊ करतायत ते या विनंतीच्या शेजारी ठेवून बघा. बाबांना काय हवं होतं याचं उत्तर त्यांनी स्वतः सही करून लिहून ठेवलंय, ग्रुपवर कोण काय म्हणतं त्यात ते शोधू नका.

आणि अगदी तांत्रिक उत्तर हवं असेल तर, तडजोडीच्या हुकूमनाम्यात कोर्ट कुणाचं खरं कुणाचं खोटं ठरवत नाही, दोघांनी मिळून जे लिहून दिलं त्याला कोर्ट आपला शिक्का देतं. हवं तर मसुद्यात सरळ लिहून घ्या की कोणत्याही पक्षाने दुसऱ्याचं कथन मान्य केलेलं नाही, वाद मिटावा म्हणून ही तडजोड. असं वाक्य नेहमी घालतात, त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

उलट तुम्ही शेवटपर्यंत लढलात आणि दावा पुराव्यावर फेटाळला गेला असं धरा. तिथेही निकालपत्रात शब्द असतात 'वादीने सिद्ध केले नाही'. निकालपत्राच्या मधोमध मुद्दे आणि निष्कर्ष असा एक तक्ता असतो, डावीकडे 'वादीने वादमिळकतीवरील आपली मालकी सिद्ध केली काय?' आणि उजवीकडे 'नाही'. लोक तो 'नाही' वाचून रडतात किंवा पेढे वाटतात. त्याचा अर्थ एवढाच की सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याचा पुरावा पुरेसा पडला नाही. निकालपत्र हातात आलं की मी पक्षकारांना नेहमी सांगते, पहिलं शेवटचं पान वाचा, तिथे 'आदेश' आहे, मग तो तक्ता वाचा, आणि कारणं सर्वात शेवटी, डोकं शांत असताना. पहिल्या पानापासून वाचलं की समोरच्याची कैफियत, म्हणजे त्याचं लेखी उत्तर, वाचून डोकं फिरतं आणि पुढचं काही दिसत नाही.

मग स्टॅम्प पेपरवर सही करायची का? माझं स्पष्ट मत, नाही. तडजोड जरूर करा, त्या स्टॅम्प पेपरवर नको.

कारण असं की दावा चालू असताना तडजोड झाली तर ती लेखी, दोघांच्या सहीची कोर्टात दाखल होते, जज्ज दोघांना समोर उभं करून विचारतात की समजून सही केलीत का, आणि मग त्याप्रमाणे हुकूमनामा होतो. काकांनी नंतर पैसे दिले नाहीत किंवा भिंत काढली नाही तर तुम्ही थेट दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज, लावू शकता. साधारणपणे दरखास्तीला १२ वर्षं मिळतात, भिंत काढून द्या अशा प्रकारच्या आदेशाला मात्र ३ च वर्षं, हे अनेकांना माहीत नसतं आणि चौथ्या वर्षी जागे होतात. नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरला असं काहीही बळ नाही. काका फिरले तर तो कागद घेऊन तुम्हाला नवीन दावा लावावा लागेल, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. वर जागेतला हक्क सोडायचा असेल तर ते हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, नोटरीवर हक्क जात नाही. पण तुम्ही 'आमचा संबंध नाही' असं लिहून दिलेलं मात्र पुढे तुमच्याच विरुद्ध दाखवतात. तुम्हाला उपयोग काही नाही आणि त्यांना आयता पुरावा, असा तो कागद.

आणि आता अडचण बघा, दावाच बंद असेल तर तडजोड दाखल कशात करणार? म्हणून तडजोड करायची ठरली तरी आधी दावा नंबरावर आणण्याचा अर्ज द्या. काका खरंच मनापासून म्हणत असतील तर त्यांनी त्या अर्जाला 'हरकत नाही' एवढं लिहून द्यावं, काम किती सोपं होईल. त्यांचं मन कळायला याच्यापेक्षा चांगली कसोटी मला सुचत नाही. दुसरा रस्ता लोक अदालतीचा, तिथे दाखल नसलेला वादही दाखलपूर्व म्हणून नेता येतो आणि तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचंच बळ असतं. चालू दावा लोक अदालतीत मिटला तर कोर्ट फी परत मिळते, हा छोटा फायदा आहे पण आहे.

फक्त एक इशारा, तडजोडीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही, लोक अदालतीच्या निवाड्यावर तर नाहीच. फसवणूक झाली असं नंतर वाटलं तर तडजोडीविरुद्ध वेगळा दावाही लावता येत नाही, ज्या कोर्टाने ती नोंदवली त्याच कोर्टात जाऊन सिद्ध करावं लागतं, सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये पुष्पादेवी भगत प्रकरणात हे सांगितलंय. निकालाविरुद्ध जिल्हा कोर्टात ३० दिवसांत अपील आहे, तिथे हरलं तर हायकोर्टात दुसरं अपील आहे (फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर, पण आहे). तडजोडीत ही सगळी दारं तुम्ही स्वतः लावून घेता. समोरचाही घेतो, म्हणून वाद संपतो. त्यामुळे मसुदा घरी आणा, दोन दिवस ठेवा, आईला मोठ्याने वाचून दाखवा.

मसुद्यात मी काय बघेन सांगते. जागेचं वर्णन 'मागची जागा' असं ढोबळ नको, भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि मोजणीच्या नकाशाची क प्रत जोडा, नाहीतर भिंत कुठून कुठपर्यंत यावर तुमची मुलं भांडतील. रक्कम बँकेतून, तारखेसह, आणि उशीर झाला तर काय तेही. 'सदर रक्कम आम्हास रोख मिळाली' असं वाक्य पैसे हातात यायच्या आधी छापलेलं असतं, ते दिसलं की पेन खाली ठेवा. आणि 'यापुढे कोणत्याही मिळकतीबाबत वाद करणार नाही' असं मोघम काही असेल तर तेही काढायला लावा, जेवढी मिळकत दाव्यात आहे तेवढ्यापुरतंच लिहा. दाव्यात नसलेली जागा तडजोडीत घुसवली तर नोंदणीचा वेगळा प्रश्न उभा राहतो. काकांशी व्हॉट्सॲपवर बोलणी चालू असतील तर 'आमचे हक्क राखून बोलतोय' एवढं एकदा लिहून टाका, आणि रागात 'जाऊ दे, नको आम्हाला ती जागा' असलं काही टाइप करू नका.

रक्कम किती असावी ते मी सांगू शकत नाही, जागा मी पाहिली नाही. पण हिशोब कसा करायचा ते सांगते. रोजनाम्यावरून बघा दावा कुठे थांबला होता. मुद्दे काढले होते का, बाबांची साक्ष झाली होती का, उलटतपास झाला होता का? बाबांचा उलटतपास पूर्ण झाला असेल तर ती साक्ष रेकॉर्डवर आहे आणि तुमची बाजू बरीच भक्कम आहे. साक्षच झाली नसेल तर आता बाबांना जे माहीत होतं ते सांगणारं दुसरं कोण आहे, हा अवघड प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आईकडे आहे का बघा. मला वाटतं लढायचं की मिटवायचं हे या एका गोष्टीवर ठरेल, तुमच्या किंवा भावाच्या स्वभावावर ठरवू नका.

याच पत्रासारखी पत्रं अधूनमधून येतात म्हणून इतरांसाठीही थोडं. 'दावा रिजेक्ट झाला' आणि 'डिसमिस झाला' हे एक नव्हे. ऑर्डर सात रूल अकरा खाली दावाअर्ज नाकारला, म्हणजे मुदतीत नाही, कोर्ट फी कमी, दाव्याला कारणच दिसत नाही असं काही, तर त्यावर अपील करता येतं आणि दोष दुरुस्त होण्यासारखा असेल तर त्याच कारणावर नव्याने दावाही आणता येतो, मुदत उरली असेल तर. वकील म्हणाले 'दावा काढून घेऊ, नंतर नवीन टाकू' तर विचारा की आदेशात नव्याने दावा लावण्याची मुभा लिहून घेणार का. ती मुभा नसेल तर नंतर काही नाही, दार बंद. आणि तुम्ही प्रतिवादी असून तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो मात्र खरा हुकूमनामा असतो, ॲपवर अनकंटेस्टेड दिसला तरी, आणि तो रद्द करून घ्यायला ३० दिवसच असतात. समन्स नीट बजावलंच नसेल तर ते दिवस कळल्यापासून मोजतात.

राहिला तुमच्या सहीचा प्रश्न. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि तुम्हाला हिंदू वारसा कायदा १९५६ लागू असेल तर आई, भाऊ आणि तुम्ही तिघं सारखे वारस. लग्न झालं की नाही याचा काही संबंध नाही. म्हणजे 'तू फक्त सही कर' असं दादा म्हणतो त्यातलं 'फक्त' काढून टाका, तुमच्या सहीशिवाय ती तडजोड अर्धवट आहे आणि काकांच्या वकिलांना हे चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर तुम्हाला बोलावतायत. दादाशी याच्यावरून वाद घालू नका, तो कंटाळलाय असं दिसतंय आणि इतकी वर्षं कोर्टाचे हेलपाटे बघून कुणीही कंटाळेल. त्याला एवढंच सांगा की आधी नकला येऊ दे, मग तिघं मिळून वकिलांकडे जाऊ, मी नाही म्हणत नाहीये. नकलेचा अर्ज उद्या दिला तर तो तातडीचा म्हणून द्या, आणि जाताना बाबांचा मृत्यूचा दाखला आणि तिघांची ओळखपत्रं सोबत ठेवा, त्याच फेरीत वकीलपत्रावर आईची सहीही होऊन जाईल.